दुसरी बाही

"वहिनी, तेवढं काट्यावर उभ्या राहा," विशाखा म्हणाली.

"कसल्या काट्यावर?"

"वजनाच्या. विमान लहान आहे. माणसं, सामान, सगळं वजन करूनच चढवावं लागतं."

पत्र्याच्या शेडमध्ये धान्याची पोती तोलायला असतो तसला लोखंडी काटा होता. बाहेर मातीची धावपट्टी, कडेला तिचं ते पांढरं, चार सीटांचं विमान, आणि मागे ढगात अर्धा बुडालेला किलिमांजारो. मी चपला काढून उभी राहिले. तिथल्या रखवालदाराने माझा आकडा मोठ्याने वाचला. इतक्या मोठ्याने की त्या डोंगरालाही कळलं असेल. मग विशाखा उभी राहिली. तिचा आकडा त्याने वाचला आणि वर तिच्याकडे बघून हसला. मेल्याला माझ्या वेळी हसू आलं नव्हतं.

विशाखा म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझा दीर सुकुमार टांझानियातल्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर. आमच्या कोल्हापूरकडची बरीच पोरं उसाच्या मागे आफ्रिकेत गेली, त्यातलाच तो एक. घरात बसून काय करायचं म्हणून विशाखा तिथल्या फ्लाइंग क्लबात जायला लागली, आणि दुसरी एखादी भरतकाम शिकेल तशी ही बया विमान शिकली. नुसती शिकून थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. पण डॉक्टर, औषधं, टपाल असलं काहीबाही घेऊन आडगावांना जायची नोकरीच तिने धरली.

इचलकरंजीला आमच्या घरी बाहेरच्या खोलीत तिचा फोटो लावलेला होता. विमानाच्या पंख्यावर हात ठेवून उभी. सासूबाई आल्यागेल्याला आधी तो दाखवायच्या आणि मग बसा म्हणायच्या. "आमची सून विमान चालवते!" मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी असायचे. अहो, मीही सूनच होते की त्यांची! घरचे माग बंद पडले तेव्हा पडवीत एक मशीन टाकून मी शिवायला लागले. त्याचं पुढे दुकान झालं. माझ्याकडच्या बायका दिवस मावळायच्या आत घरी जायच्या, आणि कोणाला राबवून, नाडून शिवलेला कपडा मी दुकानात ठेवत नसे, मग तो कितीही स्वस्त मिळो. पुण्याहून लोक पत्ता विचारत यायचे. पण भिंतीवर माझा फोटो एकच, लग्नातला, आणि त्यातही मी खाली बघतेय.

तर अशी सगळी कहाणी. पोटात दुखायचं माझ्या. उगाच कशाला नाही म्हणू?

"ही मोठी बॅग नाही जायची," विशाखाने बॅग काट्यावरून उतरवली.

"नाही जायची म्हणजे? माझे सगळे नमुने आहेत त्यात!"

"तिथली पट्टी फार आखूड आहे, वहिनी. आणि परत येताना ऊन असणार. उन्हात विमानाला उचलायला जड जातं. धोका नको."

"मग तुझं ते पेट्रोल कमी घाल."

यावर ती हसली. मी काही विनोद केला नव्हता. पण बॅग शेडमध्येच राहिली.

त्या बॅगेवर माझी सगळी भिस्त होती, हे तिला काय माहीत? मुंबईतल्या एका बड्या दुकानदाराने मला शब्द दिला होता. दुसरीकडे कुठेच मिळत नाही असं काहीतरी आणा, माझ्या दुकानातला एक कोपरा तुमच्या नावाने देतो, अगदी वर पाटी लावून देतो. कुंदा मगदूम. माझं नाव, मुंबईत, पाटीवर! आणि तसली वस्तू मला सापडलीही होती. टांझानियातल्या मोठ्या सरोवराकडे कापूस पिकवणाऱ्या एका गावात बायकांचा गट होता. कापूस त्यांचा, सूत त्यांचं, विणायच्या त्याच, झाडाच्या साली उकळून रंगवायच्या त्याच आणि शर्टही त्याच शिवायच्या. मालक कोणी नाही. त्यांचा एक शर्ट मी आतून उलटा करून बघितला आणि दोन दिवस तो उशाशी घेऊन झोपले.

पण माशी इथेच शिंकली. तो शर्ट दिवाळीला पाठवला होता विशाखाने. त्या गावाला रस्त्याने जायचं तर पूल वाहून गेलेला, म्हणून विमानाने नेणार विशाखा. त्यांची स्वाहिली भाषा येणार ती विशाखाला. निघताना आमच्या ह्यांना म्हटलं, मला जरा धास्ती वाटतेय. तर म्हणतात, "विशाखा आहे ना, मग तुला काय काळजी?" आयुष्यात एक काम मला माझ्या नावावर करायचं होतं, आणि त्यातही पुढच्या सीटवर हीच.

विमान उडालं. इंजिनाचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कानाला हेडफोन लावून त्यातूनच बोलायचं. त्या हेडफोनमधून विशाखा कोणाकोणाशी बोलत होती. मध्येच इंग्रजी, मध्येच स्वाहिली, मध्येच खळखळून हसणं. पलीकडचा माणूसही तिच्याशी हसून बोलत होता. सगळ्या जगालाच हिच्याशी बोलताना हसू येतं का? मग माझ्याकडे वळून, "वहिनी, ते बघा, खाली हत्ती!" जसे काही हत्ती तिनेच पाळलेत. माझं डोकंच उठलं. मी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

ती नंतरही बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, एक-दोनदा हातवारेही केले तिने. असतील जिराफ नाहीतर झेब्रे. मी आपली मान हलवत होते.

गाव आलं तेव्हा पट्टीवर शेळ्या होत्या. विशाखाने एकदा वरून विमान खाली आणून त्या पळवल्या, पुन्हा वर चढली आणि मग उतरली. मी सीटची कड घट्ट धरली होती, पण तिला कळू दिलं नाही. दार उघडतंय तोवर बायकाच बायका गाणं म्हणत पळत आल्या. "रुबानी! रुबानी!" रुबानी म्हणजे पायलट. विशाखाला त्यांनी अक्षरशः उचलली. कोणी गळ्यात पडतंय, कोणी गाल ओढतंय. माझ्या हातातली पर्स एकीने घेतली, पाणी दिलं, एवढंच.

"इतकं काय केलंस तू यांचं?" मी विचारलं.

"काही नाही हो. एकदा एक बाई अडली होती, तिच्यासाठी रात्रीची डॉक्टरांना घेऊन आले होते. हीच ती."

त्या बाईच्या कडेवर एक गुटगुटीत पोरगी होती. बाईने तिला माझ्यापुढे धरली आणि अभिमानाने नाव सांगितलं. "विसाका."

घ्या! पोरीचं नाव विशाखा ठेवलेलं. माझ्या नावाने आमच्या गल्लीत कोणी शेळीसुद्धा पाळली नसेल. मी पोरीचा गाल चिमटीत धरला. जरा जोरातच धरला असावा, ती रडायला लागली.

गटाच्या प्रमुख होत्या मामा मिंझा. तिकडे आईला मामा म्हणतात आणि मोठ्या बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, म्हणून मिंझाची आई ती मामा मिंझा. थोराड बाई, आवाज हळू, पण बघणं असं की आपल्या साडीची फॉल-बीडिंगसुद्धा तपासली जातेय असं वाटावं. लांबलचक शेडमध्ये पायाच्या मशीन ओळीने मांडलेल्या. प्रत्येक मशीनशेजारी खिडकी. माझ्या दुकानासारखीच. मला एकदम बरं वाटलं, आपल्या माणसांत आल्यासारखं. इथे तरी विशाखाचं काही चालणार नाही. आकाश तिचं असेल, मशीन माझी.

मी बोलायला लागले. माझं दुकान, माझ्या बायका, आम्ही कसं काम करतो, सगळं. विशाखा त्यांना सांगत होती. आता माझ्या एका वाक्याची तिची तीन वाक्यं होत होती, ती काय माझीच असणार का? मध्येच त्या बायका हसायच्या. मी हसण्यासारखं काही बोललेच नव्हते. नमुने दाखवावेत तर ते किलिमांजारोच्या पायथ्याशी शेडमध्ये पडलेले.

मामा मिंझा विशाखाला काहीतरी म्हणाल्या.

"वहिनी, त्या म्हणतात, आता तुम्ही बसा मशीनवर. त्यांचा एक शर्ट शिवून दाखवा."

मला तर देवच पावला! "आण, कुठाय कापड?"

"वहिनी, मी मघाशी सांगितलं ते लक्षात आहे ना..."

"आहे गं!" मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. कधी काय सांगितलं होतं कोण जाणे.

"सावकाश हं, वहिनी. अगदी सावकाश."

ऐकलंत? मला सांगतेय, सावकाश! लग्न झाल्यावर व्हिसाची वाट बघत ही आमच्याकडे राहिली होती, तेव्हा हिच्या हातात पहिल्यांदा बॉबिन कोणी दिलं? मी. मुंढ्याला बाही कशी बसवायची ते हात धरून कोणी शिकवलं? मी. आणि आता चारचौघींत मला सांगतेय, सावकाश. म्हणजे या बायकांना वाटणार, ही म्हातारी काय शिवणार. थांब म्हटलं, दाखवतेच.

शर्ट बेतून ठेवलेला होता. गोल गळा, पुढे पट्टी, अर्ध्या बाह्या. मी पदर खोचला आणि पायपट्टीवर पाय ठेवला. तशी मशीन मी आयुष्यात चालवली नाही, आधी नाही आणि नंतर नाही. खांदे जोडले, गळ्याला पट्टी फिरवली, बाह्या बसवल्या, बगला मारल्या. एकदाही उसवावं लागलं नाही. एकदाही मान वर केली नाही. इकडे त्यांच्या चुलीवर भात ठेवलेला, तो उतरायच्या आत शर्ट तयार! दातांनी दोरा तोडला, शर्ट झटकला आणि मामा मिंझांच्या हातात दिला.

आता टाळ्या पडतील म्हणून मी बघतेय, तर शेडमध्ये चिडीचूप.

मामांनी शर्ट उलटा करून बघितला. दुसरीच्या हातात दिला. तिने तिसरीच्या. एक पोरगीशी बाई माझ्या हातांकडे टक लावून बघत होती, घाबरल्यासारखी. शेवटी शर्ट फिरून मामांकडे आला. त्यांनी त्याची नीट घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि दोन-तीन वाक्यं बोलल्या.

विशाखाचा चेहरा पडला होता.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, इतका सुंदर शर्ट या शेडमध्ये कोणी शिवला नाही."

"मग?"

"मग... आपलं जमायचं नाही, म्हणतात."

माझ्या कानशिलात कोणीतरी मारल्यासारखं झालं. "का? काय चुकलं माझं?"

"चुकलं नाही. त्यांची रीत आहे ती. पूर्वी एक व्यापारी यायचा. या बायकांमधली जी सगळ्यात चपळ, तिच्या हाताने एका दिवसात किती शर्ट होतात ते बघायचा, आणि बाकी सगळ्यांनी तेवढेच करायचे म्हणायचा. बायका आजारी पडल्या. तेव्हापासून त्यांनी ते उलटं केलं. जो माल मागायला येईल त्याने आधी स्वतः बसून शिवायचं. त्याच्या हाताने दिवसात जितके होतील, तितकेच प्रत्येकीने करायचे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तुमच्या वेगाने या बायकांना जमणार नाही, वहिनी. आणि स्वतःची रीत त्या मोडणार नाहीत."

"अगं पण मग हे मला आधी नाही का सांगायचं?"

"विमानात सांगितलं ना! दोनदा. तुम्ही मान हलवलीत."

तेव्हा हेडफोन माझ्या मांडीवर पडलेला होता.

"त्यांना म्हणावं, मी पुन्हा शिवते. हळूहळू."

विशाखाने विचारलं. मामा मिंझांनी नाही म्हणून मान हलवली. माणसाने एकदाच बसायचं. हात काय ते एकदाच खरं सांगतो, दुसऱ्यांदा तो ठरवून बोलतो.

संपलं. मुंबईचा कोपरा गेला, पाटी गेली. घरी जाऊन काय सांगू? सासूबाई म्हणतील, विशाखाने एवढं नेऊन पोचवलं, तरी हिला साधं काम जमलं नाही. बरं, एकटी असते तर रडून घेतलं असतं. पण ही समोर उभी, सगळं बघत. दुसऱ्या कोणापुढेही तोंडघशी पडले असते तर चाललं असतं, हिच्यापुढे नको होतं.

तेवढ्यात ती मामांशी बोलायला लागली. बोलते आहे, बोलते आहे, थांबायचं नाव नाही. स्वतःकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, हात जोडले. मामांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"वहिनी, हो म्हणा," विशाखा म्हणाली.

"कशाला हो म्हणू?"

"दुकान आपल्या दोघींचं आहे, असं सांगितलंय. म्हणजे मला बसता येईल मशीनवर."

"दोघींचं?" माझा तिळपापड झाला. "माझं दुकान? तू एक बटण तरी लावलंस का गं त्या दुकानात?"

"वहिनी, नाहीतर रिकाम्या हाताने परत जायचंय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सासर हिचं, कौतुक हिचं, आता दुकानही अर्धं हिचं. मी हो म्हटलं. आणि पुढची भीती निराळीच. ही बेताने शिवणार, छान शिवणार, सगळं हिच्या नावावर होणार, आणि मी बाजूला ट्रे घेऊन उभी.

विशाखा मशीनवर बसली. आणि काय सांगू! दोरा ओवायलाच तिला जमेना. जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून, सुई सोडून सगळीकडे दोरा घालत होती. ओवला तर मशीन उलटी फिरवली आणि दोरा तुटला. बायकांत खसखस पिकली. खांदे जोडले तेव्हा एक पुढे, एक मागे. मी डोळे फाडून बघत होते. विसरली! आकाशात उडायला गेली आणि साधी टीप मारायची विसरली! मला आतून असं गार वाटलं म्हणून सांगू, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यासारखं.

मग पहिली बाही. ती तिने चक्क उलटी लावली, आतली शिवण बाहेर. लावून झाल्यावर हात लांब करून शर्ट धरला, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आल्यासारखं झालं. "अगंबाई!" म्हणाली, तोंडावर हात ठेवून. आणि मी हसले. सगळ्यांच्या आधी हसले. माझं हसू ऐकून मग बाकीच्या हसल्या.

मामा मिंझाही गालात हसल्या. त्यांनी हात वर करून तिला काहीतरी सांगितलं. विशाखाने माझ्याकडे एकदा बघितलं, मामांना नाही नाही म्हणाली आणि दुसरी बाही घेतली.

दुसरीचा तर कहर केला. बाहीचं मोहरीकडचं अरुंद टोक मुंढ्याला आणि रुंद टोक हाताकडे! बसेना, म्हणून चुण्या घालून घालून बसवली. शर्टाला भोंगा लावल्यासारखं दिसत होतं. आता मात्र मला आवरेना. मी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले. तीही मला टाळ्या देत होती. "बघा तुमची रुबानी!" मी मराठीतच ओरडले. कोणाला कळलं नाही, पण सगळ्यांना कळलं. ऊन उतरणीला लागलं तरी बाई आपली बसलीच होती त्या शर्टापाशी, आणि आम्ही सगळ्या हसून हसून दमलो होतो.

शर्ट झाला. रीतीप्रमाणे तो शिवणाऱ्याने सगळ्यांसमोर अंगात घालायचा, म्हणजे व्यवहार ठरला. विशाखाने तो स्वतःच्या शर्टावरून चढवला. एका हाताला शिवणी बाहेर, दुसऱ्या हाताला भोंगा. मामा मिंझांनी तिला मिठी मारली, मग मलाही मारली. माझ्या दुकानाचा माल ठरला. तिच्या हाताच्या वेगाने ठरला, म्हणजे किती निवांत ते बघा. मुंबईवाल्याला थांबावं लागणार होतं, पण तो थांबला असता. दुसरीकडे कुठे मिळत होतं त्याला?

अंधार पडायच्या आत निघायला हवं होतं. बायका पट्टीच्या कडेला शेळ्या हाकत होत्या. विशाखा तोच शर्ट घालून विमानाच्या पंखातल्या टाकीत पेट्रोल किती आहे ते बघायला लहानशा शिडीवर चढली. मी खाली उभी. अजून हसू येत होतं मला. काय वाईट लावलीय बाही, नीट बघावी तरी म्हणून मी मान वर केली. तिने हात उचललेला, आणि उतरत्या उन्हात ती उलटी शिवण माझ्या नाकासमोर होती.

टीप सरळ होती. नुसती सरळ नाही, एकेक टाका मोजून घातल्यासारखा. मुंढ्याच्या वळणावर, जिथे नवशिकीचा दोरा हमखास ओढला जातो, तिथे कापड जराही आखडलं नव्हतं. मी दुसऱ्या बाजूला गेले. भोंग्याच्या चुण्या बघितल्या. एकसारख्या अंतरावर, एकाच अंगाला वळवलेल्या. माझी पद्धत. माझ्या दुकानाबाहेर तशा चुण्या कोणी घालत नाही.

"विशाखा, खाली उतर."

"काय हो वहिनी?"

"तू विसरलेली नाहीस."

ती शिडीवरून उतरली. हात पुसले. "तुम्ही शिकवलेलं कशी विसरेन?"

"मग हे सगळं नाटक?"

"हळू शिवायला पाहिजे होतं ना? मग सरळ शिवून हळू कसं शिवणार? हात आपोआप पळतो. चुका केल्या, म्हणजे वेळ लागतो."

"अगं, मग मला तरी सांगायचंस! मराठीत सांगितलं असतंस तर कोणाला कळणार होतं? मी वेड्यासारखी हसत बसले तुला. पोट धरून हसले."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"म्हणजे?"

तिने शिडीची घडी घातली आणि म्हणाली, "वहिनी, मामा मिंझांचं काम पहिल्या बाहीतच झालं होतं. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं, बास झालं, तुझा हात कळला, ऊठ."

"मग उठली का नाहीस?"

"तुम्ही हसत होतात," विशाखा म्हणाली. "लग्न करून आले तेव्हापासून तुम्ही माझ्याकडे बघून कधी हसला नाहीत. मी काहीही केलं तरी नाही. मला कळायचंच नाही, काय केलं म्हणजे हसाल. आज कळलं. म्हणून दुसरी बाही लावली."

शेळ्या बाजूला झाल्या होत्या. बायका हात हलवून निघा निघा म्हणत होत्या. विशाखाने माझ्यासाठी दार उघडून धरलं. फोटो, सासूबाई, ती कडेवरची पोरगी, या सगळ्यांपायी मी तिच्यावर जेवढी जळले, ते सगळं एकत्र केलं तरी त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला त्याच्या पासंगाला पुरलं नसतं.